उजवा गाल

फ्लेक्सवर माझ्या नवऱ्याचं तोंड होतं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत त्या तोंडाच्या मधोमध लाल रेघ ओढलेली होती.

मी मंडईतून येत होते. स्टँडच्या कोपऱ्यावर, एरवी जिथं पुढाऱ्यांचे वाढदिवस टांगतात, तिथं हा एवढा मोठा फ्लेक्स. रेघेच्या एका बाजूला ह्यांचा डावा गाल, गुळगुळीत, जणू कालपरवा लग्न झालेल्या माणसाचा. दुसऱ्या बाजूला उजवा गाल. त्यावर सुरकुत्या, डोळ्याखाली लोंबलेली कातडी, काळे डाग. डाव्या गालाखाली लिहिलं होतं, ‘गोदाकांती तेल लावलेली बाजू’. उजव्याखाली, ‘तेल न लावलेली बाजू’. आणि सगळ्यात खाली, ‘माणूस एकच, वय एकच, फरक फक्त गोदाकांतीचा!’

शेजारी कॉलेजच्या दोन पोरी बसची वाट बघत उभ्या होत्या. एक म्हणाली, “हा माणूस येडा हाय का गं? अर्ध्याच तोंडाला कशाला तेल लावलं असंल?”

दुसरी म्हणाली, “बाटली संपली असंल.”

आणि दोघी अशा खिदळल्या, की एकीची ओढणी खाली पडली. ती उचलून मीच तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “तो येडा माणूस माझा नवरा हाय. आणि त्याच्या गाडीत बसूनच तू पुण्याला जातीस.” पोरीचं तोंड एवढंएवढं झालं. तिचा काय दोष म्हणा. पण तेव्हा माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता, आणि समोर दुसरं कुणी नव्हतं.

तशीच पिशवी घेऊन मी जालिंदरच्या दुकानात गेले.

जालिंदर माझा पाठचा भाऊ. आई गेली, आबा गेले, त्यानंतर माझं माहेर म्हणजे हा एवढा जालिंदरच. त्यानं वर्षापूर्वी पेठेत लाकडी घाणा टाकला होता. तीळ, शेंगदाणा, करडई. तेल चांगलं होतं, उगीच का वाईट म्हणू. पण तिळाच्या तेलात कसल्या कसल्या मुळ्या उकळून त्यानं ते तोंडाला लावायचं तेल म्हणून काढलं, आणि त्याला आईचं नाव दिलं. गोदाबाईची गोदाकांती. आईला मेल्यावरसुद्धा कामाला लावलं त्यानं.

“आक्का! ये की. चहा सांगू?”

“चहा राहू दे. स्टँडवर काय टांगलंयस ते?”

“बघितलास व्हय? कसा झालाय? कोल्हापूरच्या माणसाकडनं करून घेतलाय.”

“माझ्या नवऱ्याच्या तोंडावर रेघ कुणी ओढली?”

“अगं, जाहिरातीत तसंच असतंय. फरक कळाय नको का लोकांना?”

“फोटो कधी काढलास?”

“परवा जेवाय आला हुतासा तेव्हा. अंगणात. दाजींचा डावा गाल बघितला आणि डोक्यात एकदम आलं बघ. म्हटलं, देवानं घरातच जाहिरात तयार करून ठेवलीय.” त्यानं तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

“जालू, तुझं तेल बाजारात येऊन वर्ष झालंय. ह्यांचा डावा गाल मी लग्न झाल्यापासून बघतीय. त्याला तुझ्या तेलाचा थेंबसुद्धा लागलेला न्हाई. खरं काय हाय ते सांगू का तुला?”

“मला न्हाई ऐकायचं, आक्का. लोकांना गालावर दिसतंय तेवढं बास.”

“खोटं लिहिलंयस तू.”

“जरासं वाढवून लिहिलंय. आणि मी काय चोरून न्हाई लावलं. दाजींना विचारलंय. ते ‘लाव’ म्हणाले.”

“हे म्हणाले?”

“विचार जा घरी. आणि ऐक, डेपोत त्यांचा निरोप समारंभ हाय न्हवं पुढल्या आठवड्यात? तिथं मी कॅमेरावाला आणणार हाय. दाजी माइकवर दोन वाक्यं बोलणार. डाव्या गालाला गोदाकांती लावतो, उजव्याला लावत न्हाई. एवढंच. साहेब लोक असतील, पेपरवाला असंल. ते एकदा झालं, की बघ माझं तेल पुण्या-मुंबईला जातंय का न्हाई.”

“आणि ते बोलले न्हाईत तर?”

जालिंदर हसला. “बोलतील. शब्द दिलाय त्यांनी.”

आता ह्यांच्या शब्दाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मला इतका संताप का आला ते कळायचं नाही. आमचे हे, हिंदुराव साळुंखे, एसटीत ड्रायव्हर, आता रिटायर व्हायला आलेले. सकाळची पुण्याची गाडी घेऊन जायचे आणि संध्याकाळी तीच परत आणायचे. उभ्या नोकरीत त्यांनी माणसाला धक्का लावला नाही. एकदा साताऱ्याच्या अलीकडं कुणाची तरी शेळी गाडीखाली आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढं निघून गेले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. ह्यांनी गाडी थांबवली, वस्तीवर जाऊन मालक शोधला, आणि डेपोत येऊन स्वतःच सांगितलं, की माझं लक्ष चुकलं. त्यावरून बोलणी खाल्ली. घरी येऊन मला म्हणाले, “शेळीला बोलता येत नव्हतं, म्हणून मी बोललो.” असा माणूस. आणि हा माणूस माइक हातात घेऊन, शंभर माणसांपुढं, स्वतःच्या तोंडाबद्दल खोटं बोलणार होता. नोकरीतलं शेवटचं बोलणं, आणि तेच खोटं.

त्या संध्याकाळी ते आले. पायरीवर बसून बूट काढायला लागले. मी रोजच्यासारखी तेलाची वाटी गरम करायला ठेवली होती. ती तशीच शेगडीवर सोडून बाहेर आले.

“तुम्ही जालूला हो म्हणालाय?”

त्यांनी बुटाची नाडी सोडली. “कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणून मला विचारताय? तुमचं तोंड चिरून टांगलंय स्टँडवर! तुम्हाला दिसत न्हाई? रोज त्याच्याखालनं गाडी काढताय!”

“असू दे की. कागद हाय नुसता.”

“कागद? आणि ते माइकवर बोलणार हाय ते?”

“दोन वाक्यांनी काय हुतंय.”

“तुम्ही बोलताय हे? तुम्ही?” माझा आवाज शेजारपर्यंत गेला असणार, कारण शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. “मला कारण सांगा. त्यानं काय केलं तुम्हाला? पाया पडला? दमदाटी केली? कारण सांगा, मी गप बसते.”

“तू आणि गप?”

“चेष्टा करू नका!”

ते उठले, बूट कोपऱ्यात नीट ठेवले, आणि म्हणाले, “सुगंधा, एकदाच मागतोय. ह्यात पडू नको.”

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. मी आत येऊन बघते तर वाटीतलं तेल करपून काळं झालेलं. ती वाटी मी मोरीत आपटली. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला तेल लागलं नाही, आणि मी पाठ करून झोपले.

दुसऱ्या दिवशी मुजावर भाऊजी आले. मकबूल मुजावर, ह्यांच्या गाडीवरचे कंडक्टर. दोघांची जोडी इतकी जुनी, की डेपोत एकाला हाक मारली तर दुसरा वळून बघायचा. भाऊजी टोपी काढून बसले, पाणी प्यायले.

“वहिनी, राग मानू नका. पोरं त्यांना नाव ठेवायला लागलीत.”

“काय नाव?”

“‘अर्धा’ म्हणतात. ‘अर्धा आला का रे ड्युटीवर? अर्धा रिटायर झालाय, अर्धा राहिलाय.’ काल एक पॅसेंजर चढताना म्हणाला, ‘ड्रायव्हर, आज कुठल्या बाजूनं चालवणार?’ अख्खी गाडी हसली.”

“आणि हे?”

“हे काय बोलणार? गिअर टाकला.” भाऊजींनी ग्लास खाली ठेवला. “मी इतकी वर्षं त्यांच्या मागं उभा हाय, वहिनी. खंबाटकीच्या घाटात ब्रेक गरम झाला तेव्हासुद्धा त्यांची मान खाली गेलेली बघितली न्हाई. काल गेली.”

राग आला, की माझी जीभ आधी सुटते आणि डोकं मागनं येतं, असं माझी आई म्हणायची. पण त्या दिवशी राग जिभेपर्यंत आलाच नाही, खाली छातीतच बसला.

समारंभाचा दिवस आला. डेपोच्या आवारात मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्याकडं ड्रायव्हर रिटायर होताना बायकोलाही स्टेजवर बसवतात. त्याला शाल-श्रीफळ, हार, पोशाख. तिला साडीचोळी, ओटी. मग त्यानं चालवलेलीच गाडी फुलांनी सजवतात आणि त्याला प्रवासी म्हणून बसवून घरापर्यंत सोडतात. त्या एका दिवशी गाडी दुसरा चालवतो. ह्यांच्या मनात त्या प्रवासाचं फार होतं. कितीतरी महिने म्हणायचे, “एकदा डाव्या बाजूच्या खिडकीला बसून गाव बघायचंय.”

मी स्टेजवर बसले होते, हिरवी साडी मांडीवर घेऊन. आणि समोर, पहिल्या रांगेत, जालिंदर. पांढरे कडक कपडे. शेजारी कॅमेरावाला. पायाशी पाटीत गोदाकांतीच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीवर ह्यांचं चिरलेलं तोंड. मांडवाच्या खांबालाही त्यानं एक छोटा फ्लेक्स बांधला होता. माझ्या माहेरचा माणूस म्हणून त्याला कुणी अडवलं नव्हतं. उलट माझ्यामुळंच तो तिथं होता, हे आठवून मला आणखी चीड येत होती.

साहेबांचं भाषण झालं. मुजावर भाऊजी बोलायला उभे राहिले आणि रडून खाली बसले. मग ह्यांच्या हातात माइक आला.

“मी... सगळ्यांचा आभारी आहे,” हे म्हणाले. “गाडी चांगली मिळाली. कंडक्टर चांगला मिळाला. पॅसेंजर...” ते थांबले. टाळ्या झाल्या.

जालिंदर खुर्चीतून पुढं वाकला. “दाजी, तेलाचं.”

मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “अर्धंच बोला, ड्रायव्हरसाहेब!” आणि हसू फुटलं. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. तेही हसत होते.

“तेल,” हे म्हणाले. “हे माझे मेहुणे, जालिंदरराव... त्यांचं तेल आहे. ते मी ह्या...” त्यांचा मोकळा हात वर गेला. डाव्या गालाकडं जायचा, तो गेला उजव्या गालाकडं. तिथंच थांबला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. “ह्या बाजूला... म्हणजे त्या...”

त्यांच्या कपाळावर घाम आला. मी इतक्या वर्षांत त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. माणूस मध्ये अडकला होता. पुढं जाता येईना, मागं येता येईना. आणि माझा भाऊ खालून बोटं नाचवून डावा, डावा अशी खूण करत होता.

मी उठले. मांडीवरची साडी खाली पडली, ओटीचा नारळ घरंगळत स्टेजच्या कडेला गेला. मी ह्यांच्या हातातून माइक काढून घेतला. साहेबांना वाटलं, वहिनी दोन शब्द आभाराचे बोलणार. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

“मघाशी हसलं कोण?” मी विचारलं.

मांडव गप्प झाला.

“हसा की! आता का थांबलासा? ह्या माणसाच्या तोंडाला तुम्ही हसताय. आता ते तोंड असं का हाय ते ऐका. सकाळी ह्यांची गाडी पुण्याला जाती. कऱ्हाड, सातारा, सरळ वर उत्तरेला. ऊन कुठनं येतंय? पूर्वेकडनं. म्हणजे उजव्या खिडकीतनं. दुपारनंतर गाडी माघारी येती, दक्षिणेला. तेव्हा ऊन कुठनं येतंय? पश्चिमेकडनं. म्हणजे पुन्हा उजव्याच खिडकीतनं! जाताना तोच गाल, येताना तोच गाल. तुम्ही ड्रायव्हर माणसं हायसा, तुम्हाला हे कळत न्हाई? आपापला गाल चाचपून बघा की!”

मी बघितलं, मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांचे हात खरंच गालाकडं गेले.

“आणि म्हणाल, पडदा का लावला न्हाई. मी लावला हुता! टॉवेल शिवून दिला हुता खिडकीला, ओला करून टांगायला. पहिल्याच दिवशी काढून आणला माघारी. म्हणाले, आरसा झाकतोय. मागची मोटारसायकल दिसत न्हाई. मी म्हटलं, गाल भाजतोय. म्हणाले, गाल माझा हाय, मोटारसायकलवरचं पोरगं दुसऱ्याचं हाय. असा ह्यो गाल भाजलाय. तुमच्या माणसांसाठी भाजलाय. आणि त्यालाच तुम्ही नाव ठेवलं, अर्धा!”

“आक्का,” जालिंदर खालून दबक्या आवाजात म्हणाला, “खाली बस. कॅमेरा चालू हाय.”

“असू दे चालू! तुझ्यासाठीच बोलतीय आता.” मी स्टेजच्या कडेला गेले. “ह्यो माझा भाऊ. ह्यानं लिहिलंय, डाव्या बाजूला तेल लावलं, उजव्याला लावलं न्हाई. आता मी सांगती, तेल कुठं लागलं ते. कारण ते ह्यांनी कधी लावलंच न्हाई. ते मी लावलंय. हे संध्याकाळी घरी यायचे तेव्हा उजवा गाल तापलेल्या तव्यासारखा असायचा. दाढी करताना रक्त यायचं. मी तिळाचं तेल कोमट करून लावायची. रोज. माझ्या आईनं दिलेलं तेल, ती असेपर्यंत. ती गेल्यावर विकत आणून. आणि लावलं ते उजव्या गालाला. फक्त उजव्या! डाव्याला कशाला लावू? त्याला काय झालं हुतं? सावलीत बसून मजा मारत हुता तो!”

कुणीतरी हसलं, पण हे हसू वेगळं होतं.

“म्हणजे बघा. तेल लागलेली बाजू ती, जिला तुम्ही म्हातारी म्हणताय. आणि तेलाचा थेंब न लागलेली बाजू ती, जी बाटलीवर मिरवतीय. तेल खोटं न्हाई. तेलानं आग निवायची, कातडी चिरायची न्हाई, माणसाला झोप लागायची. तेवढंच तेलाचं काम, ते त्यानं केलं. पण ऊन अडवायचं काम तेलाचं न्हवं. दोन्ही गालांनी एकच भाकरी खाल्लीय, दोन्ही एकाच उशीवर झोपलेत, तंबाखूची चिमूट ना ह्यात गेली ना त्यात. फरक उन्हाचा हाय. आणि जालू, तुला लोकांचं तोंड एवढं तरुण ठेवायचंय न्हवं? मग आधी तुझ्या तोंडातला तोबरा थुंक!”

टाळ्या पडल्या की काय झालं, मला नीट आठवत नाही. मुजावर भाऊजी उठले, खांबावरचा फ्लेक्स सोडवला, शांतपणे घडी घातली आणि जालिंदरच्या पाटीत ठेवला, एवढं आठवतं. साहेब उभे राहिले होते. मागून तेच ‘अर्धंच बोला’ ओरडणारं पोरगं पुढं आलं आणि घरंगळलेला नारळ उचलून माझ्या हातात दिला.

जालिंदर स्टेजपाशी आला. त्याच्या गालावरची शीर उडत होती.

“आईच्या नावाला काळं फासलंस तू, आक्का.”

“आईचं नाव तू बाटलीवर लावलंस. मी न्हाई.”

“भरल्या मांडवात. सख्ख्या भावाला. आजपासनं माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाई.”

“न्हाई टाकत.”

“मीबी तुझ्या दारात येणार न्हाई. भाऊबीजेला न्हाई, मेल्यावर खांद्यालाबी न्हाई.”

“नको येऊस जा!” मी ओरडले. ओरडले खरी, पण ‘भाऊबीज’ म्हटल्यावर हातातला नारळ मी घट्ट धरला. ह्यांनी ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, माझ्या बोलण्याची लाज वाटली त्यांना. म्हणून मी त्यांच्यावरही चिडले. सजवलेल्या गाडीतून घरी आलो. ते डाव्या खिडकीशी बसले होते, मी शेजारी, आणि घर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

स्टँडवरचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. पुढं जालिंदरनं गोदाकांती तेल बंद केलं, घाणा चालू ठेवला. त्या दिवाळीला त्याच्याकडून अभ्यंगाच्या तेलाची बाटली आली नाही. भाऊबीजेला तो आला नाही. संध्याकाळी मी गच्चीवर गेले आणि ज्या बायकांना भाऊ नसतो त्यांच्यासारखं चंद्राला ओवाळलं. त्यानंतरही तसंच चाललंय. पण ते भाऊबीजेचं झालं. मला सांगायचंय ते आदल्या दिवसाचं, पाडव्याचं.

पाडव्याला नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं असतं. दुकानातून आणलेलं तेल मी कोमट केलं. हे पाटावर बसले, उघडे. मी मागं बसून खांद्यांना तेल लावत होते. समारंभापासून आमचं बोलणं म्हणजे जेवला का, दार लावलं का, एवढंच. माझ्या मनातली अढी काही गेली नव्हती.

“एक विचारू?” मी म्हटलं. “आता तरी सांगा. का तयार झाला हुतासा?”

ते पाटाकडं बघत म्हणाले, “जालिंदर आला हुता डेपोत. म्हणाला, न्हाई म्हणालासा तर आक्काचं माहेर बंद. भाऊबीजेला येणार न्हाई.”

माझा हात थांबला.

“तुला आई न्हाई. आबा न्हाईत,” ते म्हणाले. “एक भाऊ. भाऊबीजेला सकाळपासनं दारात उभी राहतीस तू, मी बघतो न्हवं? म्हटलं, आपलं काय जातंय. तोंडच तर द्यायचंय.”

“तोंडच तर?” मी म्हटलं.

“दोन वाक्यं हुती.”

“शेळीसाठी खरं बोललासा तुम्ही! मुक्या शेळीसाठी! आणि माझ्यासाठी खोटं बोलायला निघालासा?”

“तू शेळी न्हाईस म्हणूनच.”

“मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तू चिडली असतीस.”

“चिडले असते! उभं घर डोक्यावर घेतलं असतं! ते परवडलं असतं मला. तुम्ही तिथं घाम पुसत उभे हुतासा, ते न्हाई परवडलं!” मी तेलाची वाटी बाजूला सरकवली. “असलं माहेर काय करायचं मी? तुमचं तोंड देऊन घेतलेलं?”

त्यांनी रोज संध्याकाळी तेल लावून घ्यायचे तसं, सवयीनं, मान वळवून उजवा गाल माझ्यापुढं केला.

मी हातावर तेल घेतलं.

“तो न्हाई,” मी म्हटलं. “डावा करा.”

“त्याला काय झालंय?”

“खोटं बोलायला निघाला हुता तो.”

आणि दोन्ही हातांनी असा चोळला, असा चोळला, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेल डोळ्यात गेलं म्हणाले. मीही तसंच म्हणाले.